फेरिटिन : सात

अडुसष्ट वाघिणी. एकेकीत शंभर टन.
किरुनाच्या खाणीपासून नार्विकच्या धक्क्यापर्यंत
एकोणीस वर्षं मी लोखंड ओढते आहे
आणि माझ्याच रक्तात म्हणे ते नाही.

आधी कळलंच नाही.
डिसेंबरात इथे सूर्य उगवत नाही,
सगळेच मरगळतात, तू काय वेगळी?
जिन्यात धाप, उशीवर केस,
रात्री पाय नुसते चाळवत राहायचे
जणू त्यांची पाळी अजून संपलीच नाही.
आणि बर्फ.
हे कुणाला सांगितलं नव्हतं.
उणे एकतीसमध्ये, इंजिनात एकटी,
काचेवरचा बर्फाचा सुळका मोडून
कडाकडा चावायचे. थांबवेना.

डॉक्टर योर्डानोस, मूळची अस्माराची,
बर्फाचं ऐकून तिने मान वर केली.
"जुना रिपोर्ट दाखवा."

हिमोग्लोबिन एकशे अठरा. पुढे लिहिलेलं : ठीक.
उंबरठ्याला टाच टेकवून कसंबसं आत उभं राहिलेलं ठीक.
"ही रुळावरची गाडी झाली," ती म्हणाली,
"यार्डात माल किती उरलाय
ते कुणी पाहिलं?"

यार्डात सात.
मी पुन्हा विचारलं. सात.

खाली आणखी एक ओळ. टीएसएच नऊ पॉइंट चार.
आकडा चढला म्हणजे काम मंदावलं,
हे उलटं गणित मला दोनदा समजावून घ्यावं लागलं :
ग्रंथी डुलक्या घेतेय,
म्हणून वरून हाका वाढल्यात.
गळ्याशी आलं होतं सगळं, अगदी शब्दशः.

आता माझं वेळापत्रक रेल्वेहून कडक.
पहाटे पाचला थायरॉइडची गोळी, पाण्याबरोबर,
नुसत्या पाण्याबरोबर.
कॉफी तासाभराने.
(किरुनात कॉफीसाठी तासभर थांबणं
म्हणजे खरे लोखंडाचे चणे.)
लोहाची गोळी दुपारी, चार तासांचं अंतर राखून,
एका रुळावर एका वेळी एकच गाडी.
तीही दिवसाआड. जास्त गिळलं
म्हणून जास्त अंगी लागत नाही.
सोबत लिंगनबेरीचा आंबट रस, दूध नाही, कॉफी तर नाहीच.
"शौचाला काळं होईल, घाबरू नका.
गोळ्या बंद असताना झालं, तर मात्र घाबरा
आणि इकडे या."

बाटली सर्वांत वरच्या फडताळात, कुलपात.
टागे चार वर्षांचा आहे. लाल गोळी, गोड वेष्टन.
मूठभर पोटात गेल्या
तर अँब्युलन्सही धावून पुरायची नाही.

मग एव्हर्ट आला, माझा भाऊ.
चौतीस वर्षं जमिनीखाली.
"मीही दमतो गं. बोटांचे सांधे ठणकतात.
दे ना तुझ्यातल्या थोड्या."
द्यायला काय जात होतं?
लहानपणी एका वाडग्यातून जेवलो आम्ही.
फडताळाची किल्ली हातात होती.
नाही म्हटलं. आधी रक्त दे.

त्याचं फेरिटिन : अकराशे चाळीस.

आजोबा यकृताने गेले.
गाव म्हणालं, दारू.
आजोबांनी कधी थेंब घेतला नव्हता,
आजी हे सांगत सांगत म्हातारी झाली,
कुणी ऐकलं नाही.

आता दर मंगळवारी आम्ही दोघं
एकाच बाकावर बसतो, एकाच खाणीची पोरं.
त्याच्या दंडातून अर्धा लिटर काढतात,
मी माझ्या गोळ्यांचा हिशेब देते.
"वाटून घेता आलं असतं तर," तो म्हणतो.
दोघंही हसत नाही, मग हसतो.

रात्री दीडला खाणीत सुरुंग उडतात.
कपाटातली पेलीबशी किणकिणते, पलंग हलतो,
मी कूस बदलते. पाय शांत.
तीन महिन्यांनी आकडा एकतीस. टीएसएच तीनच्या आसपास.
"बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही,
यार्ड भरेपर्यंत," योर्डानोस बजावते.

परवा नार्विकच्या उतारावर
काचेवर हातभर सुळका लोंबत होता.
मोडला.
तोंडाला पाणी सुटलं नाही.
खिडकीतून फेकून दिला.