दोन काड्यांची रेंज

पुस्तकलाचा आवाज तलावाच्या पाळीवरच येतो,
मोहाखाली, तेही तोंड उत्तरेला केलं तर.
तिची शेळी चारायला आणते तेव्हा
मी फोन कानाला लावून उभी असते
आणि चिचटोल्याच्या बाया म्हणतात,
कौतिकाले नवं खूळ लागलं.

पहिला निरोप मंगळवारचा.
"पोचलो वं. जहाज कायचं, साकोलीचा बाजार आहे,
एकावर एक अकरा डाव ठेवलेला.
पोरगी निळ्या कपड्यात आली, पाया पडली,
लगेच पळाली. ड्यूटी होती तिची."
मागून केवळराम ओरडत होता,
"चावी पत्त्याची देल्ली! तिर्री आहे का राजा
कोनाले मालूम!"

त्यांच्या घराची चावी माझ्या कमरेला.
लोखंडाची, जड.
कोंबड्या बारा होत्या, अकरा उरल्या,
हे मी अजून कळवलेलं नाही.

दुसरा निरोप रात्रीचा, कुजबुजत.
पलंगावर कोणी टॉवेलचे दोन सारस करून ठेवले,
चोचीला चोच.
"हे म्हणते, जोडी मोडू नोको.
तं खाली चादर टाकून निजलो दोघंबी.
गालिचा मऊ आहे बाई, तनसीवानी.
पन यायले झोप नाही.
म्हणते, पान्यावर आहो
अन् पानी वाजत कसं नाही?"

मग फोटो आला.
नारिंगी फुगीर जाकिटं घालून दोघं रांगेत उभी.
बुडालेली चार माणसं ज्यानं या तलावातून वर काढली
त्याला शिट्टी देऊन तरंगायला शिकवताहेत.
तो हसतोय. पुस्तकला नाही.
तिचा पट्टा तो बांधतोय, जाळ्याला मारतो ती गाठ,
एक टोक दातात धरून.
फोटो बोटांनी मोठा केला.
तिचा हात त्याच्या खांद्यावर,
चारचौघांत.

"सात परीची मासोळी मांडली होती, एकीलेबी काटा नाही.
यायनं नाव विचारलं. वाढनाऱ्याले मालूम नाही.
बिना नावाची कशी खाऊ, म्हणते.
भात घेतला अन् माही जवसाची चटनी."

आणि गुरुवारचा, पहाटेचा.
वारा इतका, की अर्धे शब्द उडून गेलेले.
"एकटीच वर आलो, कौतिका.
चारी कडं पानी. पाळच नाही.
तीस वर्सं टोपलं डोक्यावर घेऊन
पान्यातलं इकलं मी, पाठ भिजे घामानं नाही, मासोळीनं.
पन डोंग्यात कधी बसलो नाही.
कोनी नाही म्हणलं नव्हतं.
ये बी म्हणलं नव्हतं."
वारा. वारा.
"पहिले भेव वाटलं.
मंग भूक लागली."

त्यानंतर काही नाही.
पोरीनं सांगितलंच होतं,
मध्ये दोन दिवस खोल पाणी आहे,
तिथं फोन पोचत नाही.

आज शेळीला झुडपाशी बांधलं.
केवळरामचा डोंगा जांभळीच्या मुळाला अडकवलेला,
पोटात वीतभर पाणी, एक डालड्याचा डबा.
पाण्याला कमळाच्या कुजक्या देठांचा वास.
मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
लुगडं खोचलं आणि बसले.

हलला तो. मीही हलले.
डब्यानं पाणी उपसत राहिले
आतलं बाहेर, बाहेरचं थोडं आत,
आणि खाली, लाकडाच्या पलीकडे,
कोणी दारावर बोट टेकवावं तसं
टक. टक टक. टक.

फोन काढला. बटण दाबून
हात डोंग्याच्या तळाशी नेला, पाण्यापासून चार बोटं वर.
एक मिनिट काही बोलले नाही.
मध्येच शेळी ओरडली, तीही गेली त्यात.
पाळीवर चढून, उत्तरेला तोंड करून पाठवलं.
एकच खूण उमटली, करडी. दुसरी उमटेना.
उमटेल. केवळरामला झोप लागेल.

कोंबडीचं
नंतर सांगीन.