सोपं काम

प्रकल्प : अहिराणी कळफलक. मुक्काम अमळनेर.
वय सहा वर्षं, उत्पन्न निरंक.

मार्गदर्शक किती?
दोन. मी, दिवसा पतपेढीत व्याज मांडते,
आणि हिंमत भदाणे, धुळे डेपोत
तिकिटांची यंत्रं दुरुस्त करतो,
उत्तरं देतो, पण शेवटची गाडी लागल्यावर.

विद्यार्थी अडला तर काय कराल?
लिहिलं : जेवलास का, विचारू.
इंग्रजीत ते फारच विचित्र दिसलं. खोडलं.

गेल्या खेपेचा विद्यार्थी?
या रकान्यापाशी अर्धा तास गेला.
चंदन देसले, शिंदखेडा.
तिसऱ्या आठवड्यात गप्प झाला.
त्याचा कोड अजून तसाच,
शेवटची ओळ अर्धी, कंस न मिटलेला.
खरं लिहिलं तर गुण जाणार.
खरंच लिहिलं,
आणि हेही, की त्याची पहिली चूक
रात्री दोनला मीच दुरुस्त करून टाकली होती,
त्याला न विचारता.

नवख्यांसाठी सोपं काम आहे का?
आहे एक.
अहिराणीत 'कथा' म्हणजे कुठे.
आमचं यंत्र मात्र 'कथा' दिसली
की पुढे 'सांगा' सुचवतं.
दहा मिनिटांचं काम.
चार महिने हात शिवशिवतात,
लावलेला नाही.

बारा वाजायला पाच कमी असताना
अर्ज गेला.
मग चंदनच्या जुन्या नंबरावर
लिहायला घेतलं : कथा
यंत्र लगेच : सांगा.
तेही चालेल, म्हटलं,
पण लिहिलं एवढंच,
गयथा रे भो?