शेऱ्याचा रकाना

पणजीत, तिसऱ्या मजल्यावर,
कुशावती दोन रकान्यांची नदी आहे:
तारीख आणि पातळी.
पातळीवरून मी वक्र काढते,
वक्रावरून प्रवाह,
प्रवाहाची वर्षभराची बेरीज करते
आणि त्या बेरजेवरून ठरतं
कुठल्या वाड्यावर किती नळ.

एप्रिलच्या शेवटी नऊ दिवस एकच आकडा.
शून्य दशांश सहा दोन.
शून्य दशांश सहा दोन.
नदी इतकी एकवचनी नसते.
साहेब म्हणाले, घरी बसून लिहिलंय त्याने,
सरासरी घाल आणि पुढे चल.
सोमवारी आराखडा द्यायचा होता.
मी केप्याची बस पकडली.

रिवणच्या पुलाला, मधल्या खांबावर, पट्टी.
पांढऱ्यावर काळे आकडे, खालचे दोन शेवाळात गेलेले.
सोयरू वेळीप आठ वाजता आला.
चपला वर ठेवल्या, गुडघाभर उतरला,
कमरेत वाकून डोळा पाण्याच्या रेषेला आणला
आणि थांबला.
त्याच्याच पायांनी उठलेली लाट
विरेपर्यंत थांबला.
मग वाचलं.
एकोणीस वर्षं हेच. संध्याकाळी पाचला पुन्हा.

जे विचारायला आले होते ते विचारवेना.
वही मागितली.
पिशवीतून पिशवी निघाली, तिच्यातून वही.
मूळ वही. तिला रकाने तीन.

नऊ दिवसांसमोर, पेन्सिलीने, नऊ वेळा:
उदक न्हिदलां.
पाणी झोपलंय.

खालच्या बंधाऱ्याला आणखी दोन फळ्या चढवल्या होत्या, तो म्हणाला.
पाणी तुंबलं, पट्टीवर चढून बसलं.
पट्टी लबाड नाही, बाई.
ती उंची सांगते. चाल कुठे सांगते?
दहाव्या दिवशी खालच्या वाड्यांची माणसं आली,
आरडाओरडा झाला, फळ्या निघाल्या.
दहाव्या दिवसाचा आकडा: शून्य दशांश एक नऊ.

मी यंत्र पाण्यात सोडलं.
वाट्या फिरल्या, कानात टिचक्या आल्या.
साठ सेकंदांत अकरा.
सोयरूने माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं,
मग जांभळीचं एक पान तोडून पाण्यावर ठेवलं
आणि त्याच्यासोबत काठाने चालत गेला.
परत येऊन काही बोलला नाही.

माझ्या वक्राने त्या झोपेचे घनमीटर केले होते.
नऊ दिवसांचं न वाहिलेलं पाणी
आराखड्यात पान एकतीसवर वाहत होतं,
त्याच्यावर एक जादा पंप उभा होता,
पंपावर अडीचशे घरं.
आणि हे एका एप्रिलचं.
वही संगणकात चढवताना कुणीतरी, कधीतरी
तिसरा रकाना गाळला होता.
अक्षरांची बेरीज होत नाही, म्हणून असेल.

पुलाच्या कठड्यावर बसून मी मागची पानं उलटली.
खाणीचो पंप चालू. उदक तांबडें.
माणगें दिसलें. पयसावयल्यान वाचलें.
(मगरीला लांबूनच नमस्कार; तरी आकडा दोन दशांशांपर्यंत.)
व्हाळ आटला. कोंडीत मासळी मेली.
आणि एका जुलैत, पुराच्या मधोमध:
घरांत मरण. पुतण्यान वाचलें.
बाजूला पुतण्याच्या कोवळ्या अक्षरात
तीन दशांश चार आठ.
कोण गेलं, ते लिहिलेलं नाही.
त्यासाठी चौथा रकाना लागला असता.

सोमवार. पान एकतीस मी परत घेतलंय.
साहेबांनी दार लोटून विचारलं, शेरे कशाला?
एकोणीस वर्षं, दिवसातून दोनदा,
हे मोजायला त्यांना वेळ नव्हता.
मी पहिली नोंद टाइप करते: उदक न्हिदलां.
चौकट लाल होते.
इथे फक्त संख्या चालते.

मी पुन्हा टाइप करते.
खिडकीखाली मांडवी भरतीने उलटी चाललेली,
पाच वाजत आलेत,
तिकडे कुणीतरी आता चपला काढत असेल.