गिरणाऱ्यापर्यंत आणि परत

आधी इंजिनाला हात लावून बघितला.
झुबेर कोकणी म्हणाला, काका, गार आहे,
सकाळपासून चालूच केली नाही, तुमच्यासाठी.
बरं वाटलं. विकणारा गाडी आधीच तापवून ठेवतो
तेव्हा त्याला काहीतरी झाकायचं असतं.
अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं
माझं काम एवढंच होतं:
दुसऱ्यानं केलेलं मोजायचं
आणि नाही म्हणायचं.

साडेसहाशे सीसी. जपानी. अठरा हजार किलोमीटर.
टाकीला डावीकडे रुपयाएवढा पोचा.
मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं:
पहिल्या मालकाकडे दसऱ्याच्या पूजेत
नारळ हातातून निसटला.

बटण दाबलं.
धडधड नाही. माझी जुनी गाडी
वळणावर असतानाच गल्लीला कळायची;
ही आपली शिलाई मशीनवर जाड कापड घेतल्यासारखी
एका लयीत, कुणाला न सांगता.
थोडा हिरमुसलो. खोटं कशाला बोलू.

सीट खाली. फार खाली.
दोन्ही तळवे सपाट जमिनीवर टेकतात,
साठीनंतर हे केवढं मोठं वाक्य आहे
ते पंचविशीतल्या पोराला कसं सांगावं?
पाय पुढे, गुडघे मोकळे,
हात असे की समोर पेपर धरलाय.
माकडहाड मात्र दहाव्या मिनिटाला बोललं.
नोंद केली.

मुंबई नाक्याला सिग्नल, त्र्याण्णव सेकंद.
उजव्या मांडीवर गरम हवा,
कुणी कुकरचं झाकण काढून तिथंच धरल्यासारखी.
हीही नोंद.

पण गंगापूर मागे पडलं, दुगाव आलं,
दोन्हीकडे नुकत्याच छाटलेल्या द्राक्षबागा,
उघड्या काड्या, ओल्या मातीचा आणि औषधाचा वास,
आणि पाचव्या गिअरमध्ये पन्नास.
गाडी म्हणत नाही अजून दे.
गिअर पाड म्हणून कुरकुरत नाही.
ट्रॅक्टरच्या मागे दोन किलोमीटर राहिलो,
ओव्हरटेक करता आलं असतं तरी.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

गिरणाऱ्याच्या शाळेपुढचा गतिरोधक. खर्रर्र.
तिचं पोट घासलं
आणि तोंड मी वाकडं केलं.
पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट चढवणारा माणूस
हातातला क्रेट तसाच धरून उभा राहिला:
ॲव्हरेज किती देती?
म्हटलं, पंचवीस.
क्रेट ठेवला, हात पुसले, गाडीभोवती एक चक्कर मारली.
मग कशाला?

परत येताना सगळा रस्ता
उत्तर जुळवत होतो.
टॉर्क, व्हीलबेस, वजन खाली असल्याचा फायदा,
सगळं खरं, आणि त्यातलं काहीच
त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

कुमुद फाटकातच उभी होती.
मागची सीट तिनं बोटांनी मोजली,
एक वीत, वर चार बोटं.
या बशीवर मी?
आणि मी गप्प. सहा महिने
निवांत फिरायला, निवांत फिरायला म्हणत
मी एकट्याचंच माप घेत होतो की काय?
ती म्हणाली, मी माझी स्कूटर काढते.
तुम्ही मागून या. निवांत.

झुबेरनं रविवारपर्यंत गाडी ठेवून घेऊ दिली.
सकाळी सातला निघालो. ती पुढे, ताशी चाळीस,
पाठीवर डबा, ओढणीला मारलेली गाठ.
एकशेपस्तीस किलोनं हलकं तिचं यंत्र,
आणि माझं मागे, जवळजवळ झोपलेलं,
तरी एकदाही अडखळलं नाही.
आनंदवल्लीपासून तिचा डावा इंडिकेटर
तसाच चालू राहिला होता.
दुगाव गेलं. वळण नव्हतं कुठंच.
टिक, टिक, पिवळा.
अंगठा हॉर्नवर नेला,
आणि तिथून काढून घेतला.