शून्याच्या डावीकडे

कुओपिओ. दुपारचे तीन, आणि बाहेर काळोख.
तळघराच्या दाराशी औलिक्की घड्याळ उतरवते,
केसांतली पिन, खिशातलं बँकेचं कार्ड,
सगळं आइस्क्रीमच्या एका जुन्या डब्यात.
फरशीवर पिवळी पट्टी आहे.
तिच्या आत लोखंडाला मज्जाव.

आत तो उभा, पांढरा, ढेरपोट्या.
पोटात हेलियम, त्याभोवती नायट्रोजन,
आणि मधोमध तारेच्या वेटोळ्यांत फिरणारा प्रवाह,
अकरा वर्षांपूर्वी एकदाच सोडलेला.
तेव्हापासून कुणी ढकलला नाही. थांबलाही नाही.
'माझ्या सासूबाईंची जीभ,' ताइस्तो म्हणतो.
हे तिनं शंभरदा ऐकलंय.

आज शहाण्णव नळ्या, बोरूएवढ्या जाड,
प्रत्येकीत कुणाची तरी सकाळची पहिली लघवी.
नावं नाहीत. आकडे.

आधी पाण्याला गप्प करायचं.
पाणी फार मोठ्यानं बोलतं,
ते बोलत असेतो बाकी कुणाचंच ऐकू येत नाही.
ते दबलं की कुजबुज सुरू होते:
पडद्यावर सुळके, शून्यापासून डावीकडे चढत गेलेले.
क्रिएटिनिन आपल्या जागी, कारकुनासारखं वेळेवर.
सिट्रेटचे चार दात.
हा काल मासा जेवला.
हिनं कॉफी ढोसली, दोन कप तर नक्कीच.
याचा तीन टोकांचा अल्कोहोल,
आणि अर्जात लिहिलंय, 'घेत नाही'.

मग चार हजार चारशे सतरा.
औलिक्की त्याला ओळखते, म्हणजे तसं नाही,
सप्टेंबरातला आलेख तिला आठवतो:
साडेसातच्या पलीकडे हिप्युरेटची दाट झाडी,
कुणीतरी रानातून लिंगोनबेरी आणून
वाडगे भरभरून खाल्ल्या होत्या. मासाही होता.
नोव्हेंबरात झाडी विरळ.
आज तिथे सपाट बर्फ.
मासा नाही, कॉफी नाही.
पॅरासिटामॉल आहे,
आणि उजवीकडे कीटोनचे उंच सुळके,
शरीर स्वतःचीच चरबी जाळत बसलंय,
जसं सरपण संपल्यावर खुर्च्या जाळाव्यात.

शितावरून भाताची परीक्षा. पण इथे
भातच शिजलेला नाही बरेच दिवस.

शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
उपाशी असावा, की असावी?
तिच्या भाषेत तो आणि ती नाहीत, एकच 'हॅन',
ही अडचण माझी आहे, या ओळीची.
ती सरळ टाइप करते:
'कीटोन जास्त. नर्सनं घरी जावं.'
बोटं थांबतात. आठ-नऊ अक्षरांची जागा उरली आहे.
'जेवायला'
असं जोडते,
पुसते,
पुन्हा जोडते.

नळी वर येते, हवेच्या उशीवर तरंगत.
सत्त्याण्णवावी नाही. डब्यातून घड्याळ काढताना
ते दोन मिनिटं मागे पडलेलं दिसतं.
ती ते तसंच घालते.