शेपटाला

शारजाच्या पेट्रोलपंपावर पहाटे चारला
अकरा गाड्या, करक चहाचे बारा कागदी पेले.
बारावा टेकराजचा.
सहा दिवस तो पाठीला पेटी लावून
दुसऱ्यांची बिर्याणी गरम ठेवत फिरतो.
आज पेटी नाही, म्हणून सारखा मागे हात नेऊन चाचपतो.
गाडी त्याने घेतलीय. तंकच्चनची.
कागद गुरुवारी झाले, किल्ली तेवढी राहिली.
घाट चढेपर्यंत माझी, तंकच्चन म्हणाला,
उतरताना तुझी.

कुणी काही विचारत नाही.
कंपनीला टाळं, व्हिसाचे उरले अकरा दिवस,
हे सगळ्यांना माहीत आहे. लिसीने फक्त
त्याच्या चहात न सांगता दुसरी साखर घातली.

गुलजमीन बोटाने माणसं मोजतो.
मी पुढे. रिझाल्दी मधे.
आणि तू, नेहमीसारखा, शेपटाला.
माझी गाडी म्हातारी, आणि मला म्हणे घाई नसते.
बारा वर्षं लिफ्टा दुरुस्त करतोय बाबा,
वर जायच्या घाईचं काय होतं, मी पाहिलंय.

शेपटाचं काम सोपं.
सगळ्यांच्या मागे राहायचं,
मागे कुणाला राहू द्यायचं नाही.

रास अल खैमा सुटलं
आणि डोंगर एकदम अंगावर आला.
झाड नाही, गवताची काडी नाही,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा दगड.
मी देवरुखचा. घाट म्हणजे हिरवा, असं डोक्यात बसलेलं.
पहिल्या खेपेला वाटलं होतं, याला कुणी सोलून ठेवलाय.
आता उन्हं आली की
त्याच्यातला जांभळा वेगळा काढता येतो मला.

वळणं सुरू झाली की भाषा संपतात.
पंपावर चार भाषांत भांडणारी माणसं
इथे नुसत्या पायाने बोलतात.
उजवा पाय बाहेर: रस्त्यात खडी.
गुलजमीनचा निघतो, मग लिसीचा,
मग एकेकाचा, ओघळत ओघळत
माझ्यापर्यंत.
मीही काढतो.
माझ्या मागे कुणी नसतं. तरी काढतो.

वर वारा असा की उकडलेल्या अंड्यावर
मीठ टिकेना.
तंकच्चनने हेल्मेट काढलं, टक्कल पुसलं,
किल्लीतून चर्चचा छोटा क्रूस सोडवला
आणि टेकराजला गाडी समजावायला बसला,
पोरगी सासरी धाडताना सांगावं तसं.
दुसरा गिअर रुसतो. रागवू नकोस, पुन्हा घाल.
थंडीत चोक. साखळीला दर पंधरवड्याला तेल.
मग बराच वेळ काही नाही.
मग: हॉर्न जरा बेसूर आहे.
टेकराज मान हलवत होता
पत्ता पाठ करावा तशी.

खाली बघितलं तर आम्ही चढून आलो तो रस्ता
कुणीतरी दोरी टाकून विसरल्यासारखा पडला होता.
रिझाल्दीला फोटो काढायचा होता.
तंकच्चन म्हणाला, उन्हं डोळ्यांवर येतायत.
ती पाठीवर होती.

उतरताना टेकराज पुढे, तंकच्चन मागे बसलेला.
बारा वर्षांत पहिल्यांदा त्याचे हात रिकामे,
कुठे ठेवायचे कळेना.
आधी मांडीवर. मग पोराच्या खांद्यावर.
दुसरा गिअर रुसला.
मी मागून ऐकला. पोराने पुन्हा घातला.

सातव्या वळणावर खडी.
गुलजमीनचा पाय, लिसीचा, रिझाल्दीचा.
टेकराज विसरला, तो वळणात गुंतलेला.
पण त्याच्या मागून, फूटपेगवरून,
तंकच्चनचा उजवा पाय बाहेर आला,
आपसूक,
झोपेत कूस वळावी तसा,
आणि खडी संपली तरी
थोडा वेळ तसाच राहिला.

पायथ्याशी गुलजमीनने बोटं मोजली.
अकरा गाड्या, बारा माणसं. हिशेब बरोबर.
पुढच्या रविवारचाही बरोबरच भरेल,
अकराला अकरा.

मी शेपटाला होतो. मी पाय काढला होता.
मागे रिकामा रस्ता, आणि त्यावर ऊन.