पुढून चौकट, मागून फुली

धारूरच्या किल्ल्याखाली तंबू ठोकले तेव्हा
आठवीत होतो आम्ही, गंगाखेडचे बावीस जण,
आणि कादरी सरांची शिट्टी.
फळा नव्हता, म्हणून सरांनी गाठी
कनातीवर कोळशानं काढल्या:
ही ओझ्याची, ही खुंट्याची,
ही बुडणाऱ्याच्या कमरेला टाकायची, आवळत नाही.
शेवटची कशाच्याच कामाची नव्हती.
"ये दोस्ती की है," सर म्हणाले,
"हिनं काही बांधायचं नाही. द्यायची फक्त."

आमची सुतळी घामेजल्या बोटांत गुंतत गेली.
मसाजी खंदारेनं एकदाच कनातीकडं बघितलं
आणि करून मोकळा झाला.
त्याच्या घरी दोर वळायचे.
बांधावरचं केकताड कापायचं, ओढ्यात कुजवायचं,
मग बडवायचं, धुवायचं.
वाख निघतो पांढराशुभ्र,
हाताचा वास मात्र महिनाभर जात नाही.
येसण, कासरा, दावं, मुसकं, विहिरीचा सोल;
गावातल्या प्रत्येक बैलाच्या नाकात
त्याच्या बापाचा पीळ होता.
दोर थेट गोठ्यात जायचा.
वळणारा ओट्याच्या खालीच थांबायचा.

शेकोटी विझायला आली तेव्हा त्यानं खिशातून काढली,
वाखाचीच, घट्ट, चिंचोक्याएवढी.
एका बाजूनं चौकट,
उलटली की फुली.
"पुढची बाजू कंची?"
"दोन्हीबी," म्हणाला, "काहून?"
मी माझी दिली. सुतळीची, ढिली,
एक टोक बोटभर लांब.
बाजारात वासराचे दात बघतात
तशी त्यानं ती निरखली.
हसला नाही. खिशात ठेवली.
डावा हात पुढं केला,
स्काउटात तोच देतात,
काळजाच्या बाजूचा म्हणून.

घरी अंगणातच चुलत्यांनी अडवलं.
"हे काय लटकवलंय गळ्यात? कोणी दिलं?"
"विकत घेतलं. धारूरच्या बाजारात.
आठ आण्याला."
"महाग पडलं," म्हणाले, आणि पाणी मागितलं.
एवढंच.
कोणी मारलं नाही, कोणी बाटलं नाही.
रात्री मी ती कंपासपेटीत ठेवली.
फुली वर आली होती. तशीच राहू दिली.

सोमवारी मसाजी शाळेत आला
तर शर्टाच्या वरच्या बटणाला माझी सुतळी.
कोणाची ते सगळ्यांना सांगत होता.
मी पाणी प्यायला गेलो.

परवा परळीच्या गाडीत बसलो.
डोक्यावरून घंटीची दोरी गेलेली,
नायलॉनची, मूळची हिरवी,
आणि कंडक्टरचा हात पोचेल तिथं
गाठ.
माझ्या सीटवरून फुली दिसत होती.
उठलो, दोन पावलं पुढं जाऊन मान वळवली.
चौकट.

कंडक्टर पोरगं होतं, पंचविशीतलं.
"हे कोणी केलं?"
"खंदारेमामा होते आमचे. मार्चात रिटायर झाले.
डेपोतल्या निम्म्या गाड्यांत करून ठेवलंय,
हात घसरत नाही म्हणायचे.
मी सोडायला बघितली एकदा. सुटतच नाही.
तुमच्या ओळखीचे का?"

गाडीत गंगाखेडचीच माणसं होती बरीच.
चुलते जाऊन वीस वर्षं झाली.
तरी मी आधी इकडंतिकडं बघितलं.
मग म्हणालो,
"मला दिली होती त्यानं. मसाजीनं.
विकत नव्हती घेतली."
जरा मोठ्यानंच म्हणालो असेन,
पुढची बाई मागं वळली.

पोराला काही कळलं नाही.
"कुठलं देऊ?" म्हणाला.
मी डाव्या हातानं पैसे पुढं केले.
ते त्याला आवडलं नाही बहुतेक.
गाठीला धरून
त्यानं दोरी ओढली, दोनदा.